"ते पुण्यात असतात" हे फाफ्साला कसं सांगायचं

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात परत लिहिते म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्ही सांगाल. मुलगी बारावीला, जन्म इथला अमेरिकेतलाच म्हणजे सिटिझन, तुम्ही दोघी न्यू जर्सीत एडिसनला, मिस्टर चार वर्षांपूर्वी पुण्याला परत गेले, घटस्फोट झालेला नाही, महिन्याला चारपाचशे डॉलर येतात पण कधी येतात कधी नाही, तुमचं उत्पन्न 58,000 च्या आसपास, पुण्यात दोघांच्या नावावर एक फ्लॅट, आणि ते म्हणतात मी कुठलाही फॉर्म भरणार नाही. एक मैत्रीण म्हणते फाफ्सावर, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायच्या फॉर्मवर, ज्या पालकाचं उत्पन्न कमी त्याचं नाव टाक, दुसरी म्हणते मुलगी ज्याच्याकडे राहते त्याचं टाक. तर यातलं खरं काय.

दोघींचंही चूक आहे, पण दुसरीचं काही वर्षांपूर्वीपर्यंत बरोबर होतं, म्हणून तिला बोल लावू नका. मी एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात चौदा वर्षं होते, आता घरून लोकांना फॉर्म भरायला मदत करते, आणि आपल्या लोकांच्या फायलींमध्ये मला सगळ्यात जास्त अडकलेली दिसलेली गोष्ट टॅक्सची नाही, फ्लॅटची नाही, ती म्हणजे "ते तिकडे असतात" हे वाक्य. आपण हे वाक्य सगळ्यांसाठी वापरतो. नोकरीसाठी गेलेला नवरा पण तिकडे असतो, आईवडिलांना बघायला गेलेला पण तिकडे असतो, आणि ज्याच्याशी तीन वर्षं धड बोलणं नाही तो पण तिकडेच असतो. समोरच्याने पुढे विचारू नये म्हणूनच आपण ते वाक्य वापरतो, हे मला माहितीये. पण फॉर्म पुढे विचारतो. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न कोणाचं नाव टाकायचं हा नाहीच, त्याच्या आधीचा आहे, की तुम्ही दोघं फॉर्मच्या दृष्टीने विभक्त आहात की फक्त लांब राहता. आणि हे मी इथून ठरवू शकत नाही, तुम्हीच ठरवू शकता.

फाफ्साच्या बाबतीत विभक्त असायला कोर्टाचा कागद लागत नाही. दोघं वेगळ्या घरात राहत असाल आणि नवराबायको म्हणून आपलं नातं संपलंय असं धरून चालत असाल तर तुम्ही सेपरेटेड, मग पुण्याच्या फॅमिली कोर्टात काही दाखल केलं असो वा नसो. फॉर्म भरण्याआधी घाईघाईने घटस्फोट मिळवायचा विचार काही जणी करतात, कृपया करू नका, निदान यासाठी तरी नाही. ती गोष्ट तिच्या वेगाने होऊ दे, फाफ्सा ज्या दिवशी भरता त्या दिवशीची स्थिती बघतो. उलट बाजू पण तितकीच खरी. नवरा डॅलसला कॉन्ट्रॅक्टवर, बायको न्यू जर्सीत, किंवा नवरा पुण्याला धंदा सांभाळतो आणि दरवर्षी मे महिन्यात येऊन राहतो, सणाला फोन, पैशाचे निर्णय एकत्र, तर ते लग्न चालू आहे, पत्ते दोन असले म्हणून काय झालं. तिथे मॅरीड लिहायचं आणि दोघांची माहिती द्यायची. आणि एक तिसरा प्रकार पण असतो, घटस्फोट झालाय पण भाडं परवडत नाही म्हणून एकाच घरात वरखाली राहतात. ते फाफ्साच्या लेखी एकत्रच, दोघांचं उत्पन्न येतं.

हे मी इतकं ताणून सांगतेय कारण "वेगळे राहतो असं लिही, पैसे जास्त मिळतात" असा सल्ला व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. फॉर्मवर खोटी माहिती दिली तर वीस हजार डॉलरपर्यंत दंड किंवा तुरुंग किंवा दोन्ही, हे फॉर्ममध्येच लिहिलेलं आहे. आणि ते सोडा, ऑफिसात बसलेल्या माणसाला ते दिसतं हो. एकाच पत्त्यावर दोघांचे डब्ल्यू-टू, म्हणजे नोकरीच्या पगाराचे टॅक्सचे कागद, आले की दिसतं.

आता समजा तुम्ही खरोखर विभक्त आहात. मग कोणाचं नाव? 2023-24 पर्यंत नियम असा होता की मागच्या बारा महिन्यांत मूल ज्या पालकाकडे जास्त दिवस राहिलं तो पालक. तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीने बहुतेक तेव्हा भरला असेल. 2020 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने फाफ्सा सोपा करायचा कायदा केला आणि तो 2024-25 च्या फॉर्मपासून लागू झाला, त्यात हे बदललं. आता विचारतात की मागच्या बारा महिन्यांत मुलीचा खर्च जास्त कोणी उचलला. भाडं, किराणा, कपडे, डॉक्टर, इन्शुरन्स, शाळेचे पैसे, हे सगळं धरून. टॅक्सवर डिपेंडंट म्हणून कोणी दाखवलं याचा संबंध नाही, झोपते कुठे याचा संबंध नाही. अगदी बरोबरी झाली तरच ज्याचं उत्पन्न आणि मालमत्ता जास्त तो. म्हणजे पहिल्या मैत्रिणीने सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं.

तुमच्याकडे हिशोब सरळ आहे. महिन्याला पाचशे दरवेळी आले असं धरलं तरी वर्षाचे सहा हजार, आणि एडिसनला दोन बेडरूमचं भाडंच त्याच्या कितीतरी पुढे जातं, त्यातला मुलीचा वाटा काढला, वर खाणं, गाडीचा इन्शुरन्स, ब्रेसेस. त्यामुळे नाव तुमचं. तरी एक करा, एका कागदावर बारा महिन्यांचा हा हिशोब मांडून ठेवा, पक्का नको, ढोबळ चालेल, बँकेतून आलेल्या पैशांची नोंद सोबत. दहातल्या आठ जणींना कोणी विचारत नाही, पण ज्यांना विचारतात त्यांना फेब्रुवारीत विचारतात आणि तेव्हा मागची स्टेटमेंट शोधत बसायला वेळ नसतो.

टॅक्सबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. तुम्ही हेड ऑफ हाउसहोल्ड, म्हणजे एकटीने घर चालवणारी, म्हणून भरत असाल असा माझा अंदाज, कारण वर्षाचे शेवटचे सहा महिने नवरा घरात राहत नसेल आणि घरखर्चाचा अर्ध्याहून जास्त भार तुमच्यावर असेल तर मूल असलेल्या विवाहित बाईला पण तसं भरता येतं. हे असेल तर छान, तुमचा टॅक्स आणि तुमचा फाफ्सा एकच गोष्ट सांगतात. पण लक्षात घ्या, हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणजे सेपरेटेड असल्याचा पुरावा नाही. नवरा टॅक्सच्या दृष्टीने नॉनरेसिडेंट, म्हणजे अमेरिकेचा रहिवासी नसलेला, असेल तर सुखाने संसार करणारी बाई पण काही वेळा तसं भरू शकते. आणि जर तुम्ही अजूनही नवऱ्यासोबत जॉइंट भरत असाल (काही जणी सीएला विचारून तसंच चालू ठेवतात कारण रिफंड जास्त येतो) तर मग घोळ आहे. 2026-27 चा फॉर्म 2024 चा टॅक्स बघतो, म्हणजे नेहमी दोन वर्षं मागचा. त्या वर्षी जॉइंट असेल तर त्यातून तुमचा एकटीचा हिस्सा वेगळा काढावा लागतो, कॉलेजने मागितले तर डब्ल्यू-टू द्यावे लागतात, आणि कॉलेज विचारतं की बाई तुम्ही विभक्त आहात तर एकत्र टॅक्स कसा. उत्तर असतं, पण ते आधी तयार ठेवा.

फॉर्ममध्ये तुम्हाला आयआरएसमधून, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्यातून, टॅक्सची माहिती थेट ओढायला संमती द्यावी लागते. ती दिली नाही तर फेडरल मदत शून्य, मग बाकी फॉर्म कितीही छान भरलेला असो. आणि आपल्या बायकांचा खास प्रश्न, नाव. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मधलं नाव नवऱ्याचं, पासपोर्टवर एक, सोशल सिक्युरिटी कार्डवर दुसरं. फाफ्सा जिथे भरतात त्या स्टुडंटएडच्या साइटवर अकाउंट काढताना सोशल सिक्युरिटी कार्डवर जसं आहे तसंच नाव, स्पेलिंगसकट. मी असे आठवडे गेलेले पाहिलेत, फक्त एक "व्ही" आणि "डब्ल्यू" च्या फरकाने.

आता फ्लॅट. इथे राहतं घर फाफ्सात धरत नाहीत, रिटायरमेंटचे अकाउंट धरत नाहीत, पण पुण्याचा फ्लॅट हे तुमचं राहतं घर नाही, ती गुंतवणूक, त्यातला तुमचा हिस्सा धरायचा, कर्ज असेल तर वजा करून. लोक घाबरतात की फ्लॅट लिहिला की संपलं. आकडा बघा. पालकांच्या मालमत्तेवर फाफ्सा जास्तीत जास्त 5.64 टक्के धरतो. तुमचा हिस्सा समजा 50,000 डॉलरचा, तर वर्षाला फार तर 2,820 ने तुमचा एसएआय, म्हणजे घरच्यांना किती झेपेल याचा जो निर्देशांक ते काढतात तो, वर जाईल. छोटा आकडा नाही, पण त्यासाठी खोटं बोलावं असाही नाही. पैशांचं पण तसंच, मिस्टर पाठवतात ते चाइल्ड सपोर्ट म्हणून लिहायचे, नव्या नियमात ते उत्पन्नात नाही, मालमत्तेच्या बाजूला मोजतात, त्यामुळे पूर्वीपेक्षा त्याचा फटका खूप कमी बसतो.

आणि एक बारीक गोष्ट जी तुमच्या उत्पन्नाला लागू पडते. टॅक्सवरचं अॅडजस्टेड उत्पन्न 60,000 च्या खाली असेल आणि टॅक्ससोबत ए, बी, डी, ई, एफ, एच यातलं कुठलंच शेड्युल, म्हणजे पुरवणी फॉर्म, जोडलं नसेल, धंद्याचं सी असेल तर त्यात दहा हजारांपेक्षा जास्त नफातोटा नसेल, तर फाफ्सा मालमत्ता विचारतच नाही. तुम्ही 58,000 वर आहात. पण पुण्यात तुमच्या नावावर एनआरओ किंवा एनआरई अकाउंट असेल तर परदेशी खात्यासाठी शेड्युल बी भरलेलं असण्याची शक्यता दाट, आणि फ्लॅटचं भाडं येत असेल तर शेड्युल ई, मग ही सूट गेली. आपल्या किती घरांना ही सूट नुसत्या स्टेट बँकेच्या एका जुन्या खात्यामुळे मिळत नाही, आणि त्यांना कळतही नाही की का. पण म्हणून शेड्युल बी गाळू नका हं, ते प्रकरण वेगळं आणि जास्त महागात पडणारं.

इथपर्यंतचं एका ओळीत सांगायचं तर: विभक्त असाल तर फाफ्सा फक्त तुमचा, मिस्टरांची सही नको, संमती नको, त्यांचं उत्पन्न नको. विभक्त नसाल, नुसते लांब असाल, तर दोघांचं, आणि त्यांनी अकाउंट काढून संमती दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही, भारतातलं उत्पन्न डॉलरमध्ये करून.

हे झालं फाफ्साचं. पण तुम्ही यादीत एनवाययू आणि कॉर्नेल लिहिलंय, आणि तिथे दुसरा फॉर्म लागतो, कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल. खरं दुखणं तिथे आहे. फाफ्सा विचारतो, खर्च कोण करतं? सीएसएस वापरणारी बरीचशी खाजगी कॉलेजं विचारतात, जन्म कोणी दिला? त्यांचं म्हणणं असं की आमच्या स्वतःच्या तिजोरीतले पैसे आम्ही देतोय तर दोन्ही पालकांची ऐपत बघणार, तुमचं एकमेकांशी पटत नाही हा तुमचा प्रश्न. कठोर वाटतं, पण त्या टेबलाच्या पलीकडे बसून मला ते पटायचं सुद्धा, कारण वर्षाला दोन लाख डॉलर कमावणारे आणि "माझा काही संबंध नाही" म्हणणारे वडील मी ढिगाने पाहिलेत. मग ही कॉलेजं दुसऱ्या पालकाकडून वेगळा फॉर्म मागतात, त्याला नॉनकस्टोडियल प्रोफाइल म्हणतात. सगळी मागत नाहीत. कॉलेज बोर्डाच्या साइटवर यादी असते, त्यात प्रत्येक कॉलेजापुढे ते हवं की नको लिहिलेलं असतं, ती यादी आज रात्री उघडून बसा, मुलीच्या कॉलेजांची नावं त्यात शोधा. रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाला, सीएसएस लागत नाही, फाफ्सा पुरतो.

आता मिस्टर भरणार नाहीत म्हणतात. का नाही म्हणतात ते विचारलंत का? मी अशा वडिलांशी फोनवर बोललेय, आपल्याकडच्या संध्याकाळी म्हणजे त्यांच्या सकाळी, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच निघालं, त्यांना वाटतं सही केली की फी भरायची जबाबदारी कायद्याने आपल्या अंगावर येणार. तसं नाहीये. हा फॉर्म म्हणजे करार नाही, जामीनही नाही. कॉलेज त्यांच्या उत्पन्नावरून त्यांनी किती द्यावं असा अंदाज काढतं, पण बिल त्यांच्या नावाने जात नाही. दुसरी भीती, की बायकोला माझा पगार कळेल. तेही नाही, त्यांचं अकाउंट वेगळं, तुमचं वेगळं, एकमेकांचं दिसत नाही, आणि हे तुमच्या बाजूने पण तेवढंच खरं. एक नाशिकचे गृहस्थ होते, दोन महिने नाही नाही म्हणत होते, ही दोन वाक्यं ऐकल्यावर रविवारी बसून तासाभरात भरला. आणि त्यांचं उत्पन्न रुपयांतलं होतं त्यामुळे डॉलरमध्ये करून झालं केवढं, मुलाची मदत फारशी हललीच नाही. तुमच्याकडे तसंच होईल असं नाही, ते पुण्याला काय कमावतात त्यावर आहे, पण भारतातल्या पगाराला लोक उगाच घाबरतात. तुम्ही स्वतः बोलू शकत नसाल तर दीर, नणंद, कोणीतरी मधलं माणूस बघा. मुलीला मध्ये घालू नका, निदान पहिल्यांदा तरी.

तरीही नाहीच म्हणाले तर वेव्हर मागता येतो, म्हणजे या पालकाची माहिती माफ करा असा अर्ज. तो कधी मिळतो? संपर्कच नाही, ठावठिकाणा माहीत नाही, मारहाण किंवा छळाचा इतिहास, कोर्टाने भेटायला बंदी केलेली. आणि त्यासाठी घराबाहेरच्या कोणाचं तरी पत्र लागतं, शाळेचा काउन्सेलर, सोशल वर्कर, डॉक्टर, जो ही परिस्थिती स्वतः जाणतो. "ते तयार नाहीत" या कारणावर मिळत नाही. घटस्फोटाच्या कागदात "शिक्षणाचा खर्च आई करेल" लिहिलंय या कारणावर पण साधारण मिळत नाही. तुमच्याकडे पैसे येतात, म्हणजे संपर्क आहे, त्यामुळे तुम्हाला मिळणं मला कठीण दिसतं, स्पष्टच सांगते. पण प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं, एकाने नाकारलं आणि दुसऱ्याने दिलं असं मी पाहिलंय, त्यामुळे मागायला हरकत नाही. जे घडलंय तेच लिहा. शेवटचं बोलणं कधी झालं, पैसे कुठल्या महिन्यांत आले नाहीत, तारखांसकट, रडगाणं कमी आणि तारखा जास्त. एका पानात.

हे सगळं होऊन खाजगी कॉलेजांचं दार बंदच राहिलं तर? तर मी तुमच्या जागी असते तर फार हळहळले नसते, कारण न्यू जर्सी तुमच्या उत्पन्नाला चांगली आहे. राज्याची टॅग नावाची ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, फाफ्सावरूनच ठरते, त्यात वडिलांचा दुसरा फॉर्म नाही, फक्त फाफ्सा झाल्यावर राज्याचे थोडे जास्तीचे प्रश्न येतात ते सोडून देऊ नका, बरेच जण तिथेच थांबतात. अॅडजस्टेड उत्पन्न 65,000 पर्यंत असेल तर कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजची, ट्यूशन राज्य भरतं, तुमच्या घरापासून मिडलसेक्स कॉलेज किती लांब आहे ते तुम्हालाच माहीत, आणि तिथून राज्याच्या सरकारी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला गेली तर तिसऱ्या चौथ्या वर्षासाठी पण त्याच उत्पन्नाला तशीच योजना आहे. आपल्या लोकांना कम्युनिटी कॉलेज म्हटलं की कमीपणा वाटतो, मंडळाच्या गणपतीत सांगायला नको वाटतं. सांगू नका मग, दोन वर्षांनी रटगर्सचं सांगा.

कर्जाबद्दल एवढंच. मुलीला पहिल्या वर्षी स्वतःच्या नावावर फेडरल कर्ज 5,500 पर्यंत मिळतं. पालकांचं प्लस कर्ज तुम्ही घेऊ शकता पण 1 जुलै 2026 पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 ची मर्यादा आलीये, आणि 58,000 वर तुम्ही त्याच्या जवळपास पण जाऊ नये असं माझं मत. कॉलेजचा आकडा यायच्या आधीच प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते सांगणारा, तो चालवून बघा, एकदा फक्त तुमच्या आकड्यांवर आणि एकदा मिस्टरांचे अंदाजे आकडे घालून. दोन उत्तरांत किती फरक येतो त्यावरून कळेल की त्यांच्या मागे लागण्यात अर्थ आहे का.

आणि पुढे लग्न करायचा विचार असेल (विचारत नाहीये, फक्त सांगतेय) तर फाफ्सा भरायच्या दिवशी तुमचं लग्न झालेलं असेल तर नव्या नवऱ्याचं उत्पन्न त्यात येतं, त्यांनी मुलीला एक पैसा देऊ नये असं ठरलेलं असलं तरी.

एक गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीत, की मुलीला आम्ही अजून स्पष्ट काही सांगितलेलं नाही, तिला वाटतं बाबांचं काम तिकडे आहे. ताई, फाफ्सा साधारण मुलीनेच सुरू करायचा असतो, तिच्या अकाउंटवरून. तिच्या भागात स्क्रीनवर प्रश्न येतो, तुझे आईवडील एकमेकांशी विवाहित आहेत का, एकत्र राहतात का, आणि उत्तर तिला द्यायचं असतं, तुम्हाला नाही. माझ्यासमोर ऑफिसात एक मुलगा त्या प्रश्नावर थांबला होता आणि त्याने आईकडे बघितलं, आई मोबाइलमध्ये बघत राहिली. तुम्ही फॉर्म उघडायच्या आठवडाभर आधी तिच्याशी बोला, लॅपटॉप बंद असताना. आणि मग दोघींनी मिळून ठरवा त्या प्रश्नाचं खरं उत्तर काय आहे, मगच मला परत विचारा नाव कोणाचं.